कंपन कमी झालं तेव्हा

त्या सोमवारी फोन आला तो चांगली बातमी द्यायला. शीवच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला रसायनांचा एक कारखाना आहे. तिथल्या मेंटेनन्स मॅनेजरांचा फोन. त्यांच्याकडे एक जुनं वाफेवरचं टर्बाइन आहे, कारखान्याची बरीचशी वीज तेच बनवतं. गेले दोन महिने त्याच्या दुसऱ्या बेअरिंगवरचं कंपन हळूहळू वाढत होतं आणि आम्ही दोघंही त्यावर डोळा ठेवून होतो.

"मॅडम, उतरलं," ते म्हणाले. "आपोआप. सकाळपासून एकदम स्मूथ चाललंय. म्हटलं तुम्हाला कळवावं."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि लगेच त्यांची रीडिंग उघडली. यंत्र आपोआप बिघडतं, आपोआप दुरुस्त होत नाही.

माझं काम फिरणाऱ्या यंत्रांची कंपनं मोजण्याचं आणि ती कशामुळे होतात ते सांगण्याचं. परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या कंपनीचा गाळा आहे. सहा माणसं, दोन कपाटं भरून उपकरणं आणि समोर काचेचा टॉवर. त्या टॉवरच्या जागी गिरणी होती तेव्हा माझे वडील तिथे बॉयलरवर होते. मी इंजिनिअर झाले ते त्यांच्या हट्टापायी, आणि या कामात आले ते आमच्या सरांमुळे. सरांनी ही कंपनी सुरू केली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, गिरगावात राहतात आणि गाळ्यावर येत नाहीत. कंपनी त्यांचा दुसरा एक विद्यार्थी चालवतो, तो माझा साहेब. पण अडलं की आम्ही सगळे अजून गिरगावलाच जातो.

त्या दिवशी स्क्रीनवर जे दिसलं ते सोपं करून सांगते. टर्बाइनच्या शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, एक खूण असते. फिरताना शाफ्ट ज्या क्षणी सगळ्यात जास्त बाहेर झुकतो, त्या क्षणी ही खूण कुठे असते ते सेन्सर दाखवतो. घड्याळाचा काटा समजा. शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त असेल तर काटा रोज एकाच आकड्यावर राहतो, कारण वजन काही जागा सोडून जात नाही. या टर्बाइनचा काटा दोन महिन्यांपूर्वी तीनवर होता. मग चारवर गेला. आणि कंपन उतरलं त्या सोमवारी तो सहाच्या पुढे होता. लोड तोच, वाफ तीच. याचा अर्थ जुनी ओढ संपली नव्हती, उलट्या दिशेने एक नवी ओढ तयार झाली होती आणि दोघी तेवढ्यापुरत्या एकमेकींना खोडत होत्या. नवी वाढत राहिली की कंपन पुन्हा चढणार होतं. शिवाय एका फेरीत एकदाच हलणारा शाफ्ट आता थोडासा दोनदा हलायला लागला होता.

हे असं दोन कारणांनी होतं. एक म्हणजे टर्बाइन आणि जनरेटर एका रेषेत नसणं, ज्याला आम्ही अलाइनमेंट बिघडणं म्हणतो. ते नेहमीचं आहे, सावकाश दुरुस्त करता येतं. दुसरं कारण शाफ्टला तडा जाणं. ते क्वचित होतं. आणि त्यात सावकाश करण्यासारखं काही नसतं.

मी खुर्चीत नुसती बसून राहिले. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात मी तडा आहे म्हणून मशीन उघडायला लावलं होतं. सहा दिवस प्लँट बंद राहिला आणि निघाला काय, तर सेन्सरचा सैल झालेला ब्रॅकेट. तिथले लोक मला वाकडा शब्द बोलले नाहीत, फक्त पुढच्या वर्षी काम दुसऱ्यांना दिलं. तेव्हापासून साहेबांचा नियम होता, रिपोर्टमध्ये तडा हा शब्द लिहायचा तर आधी कागद सरांना दाखवायचे. नियम सगळ्यांना होता. पण कुणामुळे झाला ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळे ग्राफ छापून गिरगावला गेले. सर दुसऱ्या मजल्यावर राहतात. काकूंनी दार उघडलं, चहा आणि खारी ठेवली. सरांनी खिडकीजवळच्या टेबलावर कागद पसरले आणि भिंग घेऊन एकेक बघायला लागले. त्यात अर्धा तास गेला. मी रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसले होते.

मग म्हणाले, "अलाइनमेंट आहे. वाफेचा पाइप टर्बाइनला एका बाजूला ओढतोय. गरम झाल्यावर सगळंच थोडं सरकतं. वार्षिक शटडाऊनला बघून घे."

शटडाऊनला पाच आठवडे होते. मी म्हटलं की काटा फिरतोय. पाइपचे आधार खचत गेले तरी काटा फिरतो, असं ते म्हणाले, आणि ते खरंही आहे. दोनदा हलणं? तेही अलाइनमेंटचंच. दहातल्या नऊ वेळा तेच असतं. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. ज्यांच्याकडून मी हे ग्राफ वाचायला शिकले त्यांना आणखी काय विचारायचं होतं? मी कागद गोळा केले. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं हे कबूल करते. माझ्या डोक्यावरचा बोजा सरांनी घेतला होता.

ते हलकेपण त्या संध्याकाळपुरतंच टिकलं. दुसऱ्या दिवशी काटा सातवर होता.

पुढचे तीन दिवस मी दर तासाला फोनवर रीडिंग बघत होते. गुरुवारी आईने मला मसाल्याच्या मिरच्या आणायला लालबागच्या मिरची गल्लीत पाठवलं. दुकानदार बेडगी तोलत होता आणि मी पायरीवर बसून ग्राफ उघडला. कंपन पुन्हा चढायला लागलं होतं. फार नाही, अजून हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्यातच. पण काटा आठवर. मिरची कुटण्याच्या मशीनचे दणके पायरीतून पाठीत येत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या कारखान्याचा टर्बाइन हॉल होता. टर्बाइनपासून दहा-बारा पावलांवर एक लोखंडी टेबल आहे. ऑपरेटर तिथे डबा खातात. मलाही एकदा त्यांनी तिथेच पोहे दिले होते. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणारा शाफ्ट तुटला तर वरचं जाड झाकण त्याला आवरत नाही.

घरी आई माझ्याकडे बघत होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. ती बोलते मालवणीच. ताट पुढे सारून म्हणाली, "तुका बरा नाय काय गो? दोन दिस बघतंय, नुसतो ताटात हात फिरवतंस नि उठतंस."

मी सांगितलं, कामाचं टेन्शन आहे. एक गोष्ट मला वाटते, सरांना वाटत नाही.

"मगे तुका वाटता ता सांगून टाक तेंका," ती म्हणाली आणि भात वाढायला लागली. तिला त्यात अडचण काय तेच कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना न विचारता कारखान्यात फोन केला. मॅनेजर माझ्याच वयाचे, शांत गृहस्थ. मी त्यांना काटा समजावला, दोन कारणं सांगितली. तडा असल्याची खात्री नाही, हेही सांगितलं.

"मॅडम, मशीन हिरव्यात चाललंय," ते म्हणाले. "हिरव्यात असताना बंद केलं तर मला वर काय सांगायचं?"

मी म्हटलं, उघडू नका. फक्त एकदा बंद करा आणि बंद होताना मला मोजू द्या. शाफ्ट धावता धावता थांबतो तेव्हा एका ठरावीक वेगाला तो सगळ्यात जास्त हलतो, प्रत्येक शाफ्टचा तो वेग ठरलेला असतो. तडा असेल तर त्याच्या बरोबर निम्म्या वेगाला तो आणखी एकदा उसळतो, फेरीत दोनदा हलत. तसं झालं नाही तर अलाइनमेंट समजू आणि तासाभरात पुन्हा चालू करू.

त्यांनी तेवढंच विचारलं, "तुमचे सर काय म्हणतात?"

मी खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "रविवारी दुपारी लोड कमी असतो. या."

शनिवारी मी साहेबांना कळवलं. ते चिडले नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे थकल्यासारखे हसले. म्हणाले, बघ बाई, या वेळी तरी ब्रॅकेट आधी तपासून घे.

रविवारी तिथे पोचल्यावर मी पहिलं काम तेच केलं. चारही सेन्सरचे ब्रॅकेट स्वतः पाना लावून तपासले. सगळे घट्ट होते. मग लोखंडी टेबलावरचे डबे उचलायला सांगितले आणि ऑपरेटरांना कंट्रोल रूममध्ये पाठवलं. माझा लॅपटॉपही तिथेच होता, काचेच्या मागे. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

वाफ बंद झाली. तीन हजारांवरून वेग उतरायला लागला. मला सगळ्यात जास्त भीती अठराशेच्या आसपासची होती, कारण त्या शाफ्टचा सगळ्यात जास्त हलायचा वेग तो होता. तडा असलाच, तर मीच त्याला तिथून न्यायला लावत होते. आकडा चढला, हिरवा पट्टा ओलांडून पिवळ्यात गेला, मागे कोणीतरी खाकरलं, आणि तो उतरला. चौदाशे. बाराशे. रेघ सपाट झाली. हजार. मला वाटलं, झालं, पुन्हा एकदा ब्रॅकेट. आणि नऊशेजवळ फेरीतल्या दुहेरी हलण्याची रेघ उभी राहिली. हळूहळू चढली नाही, उभीच राहिली. टोकाला जाऊन परत खाली आली. काटा त्या वेळात जवळजवळ अर्धं घड्याळ फिरला होता.

मॅनेजरांना काही समजावावं लागलं नाही. त्यांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हेच ना?" मी मान हलवली. चालू करायचं नाही, असं त्यांनी तिथेच फोनवर वर कळवलं.

टर्बाइन लगेच उघडता येत नाही. ते तापलेलं असतं. शाफ्ट वाकू नये म्हणून हळूहळू फिरवत ठेवून दोन-तीन दिवस थंड करावं लागतं. ते तीन दिवस मी गाळ्यावर जात होते, येत होते, काय केलं ते आठवत नाही. सरांना मी फोन केला नाही. त्यांचं न ऐकता मी हे केलं होतं, आणि बरोबर निघाले असते तरी तो फोन मला जड गेला असता.

गुरुवारी झाकण उचललं आणि शाफ्ट बाहेर काढून स्टँडवर ठेवला. तडा शोधायची साधी पद्धत म्हणजे शाफ्ट स्वच्छ पुसून त्याला लाल रंग लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग पावडरीवर लाल रेघ होऊन उमटतो. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा शाफ्ट तपासला. कोपरे, खाचा, जनरेटरला जोडणाऱ्या कपलिंगची जागा. पांढऱ्या पावडरीवर कुठेही काही उमटलं नाही. पुन्हा सगळं धुऊन पुन्हा केलं. काही नाही.

मॅनेजर नळावर जाऊन हात धुवायला लागले, खूप वेळ धूत राहिले. परत येऊन मवाळपणे म्हणाले की वरून विचारणा होतेय, उद्या दुपारपर्यंत काही निघालं नाही तर झाकण लावावं लागेल, अलाइनमेंट नीट करून चालू करू. मी हो म्हटलं. नऊशेची ती रेघ मी पाहिली होती, आणि समोर स्वच्छ शाफ्ट होता.

कारखान्याच्या गेटपाशी उभी राहून मी सरांना फोन लावला. सांगायचं एवढंच होतं की मी तुमचं ऐकलं नाही आणि मी चुकले. रविवारची रेघ, उघडणं, लाल रंग, सगळं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या बेअरिंगजवळची स्लीव्ह काढली का?"

त्या बेअरिंगशेजारी, वाफ गळू नये म्हणून सील असतं तिथे, शाफ्टवर एक लोखंडी स्लीव्ह होती. बांगडीसारखी घट्ट बसवलेली. आम्ही तिच्या वरून तपासलं होतं. मी म्हटलं, नाही काढली, ती मूळचीच आहे ना?

"मूळची नाही," सर म्हणाले. "उद्या सकाळी मला न्यायला ये. मी येतो."

शुक्रवारी सकाळी मी गिरगावला टॅक्सी घेऊन गेले. काकू त्यांना खालपर्यंत सोडायला आल्या होत्या, औषधांची पिशवी माझ्या हातात दिली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जुने सेफ्टी शूज पायात. भायखळ्याचा पूल ओलांडेपर्यंत ते बाहेर बघत होते. लालबागला सिग्नल लागला तेव्हा बोलायला लागले.

फार वर्षांपूर्वी, मी या कामात येण्याच्याही आधी, त्या शाफ्टला सीलच्या जागी खोल घासल्याची खाच पडली होती. नवा शाफ्ट यायला वर्ष लागणार होतं आणि कारखाना थांबायला तयार नव्हता. सरांनी ती खाच वेल्डिंगने भरून घेतली, घासून गुळगुळीत केली आणि वरून स्लीव्ह चढवली. तसल्या पोलादावर वेल्डिंग करू नये हे त्यांना माहीत होतं. एक वर्ष चालावं एवढाच विचार होता. नवा शाफ्ट आला की हा काढायचा. नवा शाफ्ट मागवलाच गेला नाही. आणि सरांनी कधी विचारलं नाही. रिपोर्टमध्ये त्यांनी फक्त स्लीव्ह बसवली असं लिहिलं होतं, खालचं काही लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, मंगळवारी मी कागद घेऊन आले तेव्हा तुम्हाला हे आठवलं नव्हतं का?

"आठवलं नाही असं म्हणता येईल," सर म्हणाले. टॅक्सी परळ मागे टाकून पुढे निघाली होती. "आठवलं होतं. बेअरिंगचा नंबर वाचला तेव्हाच आठवलं. पण दहातल्या नऊ वेळा अलाइनमेंटच असतं, आणि मला ते तसंच असायला हवं होतं."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. बारा दिवस मी जे एकटीने वागवत होते त्याचं उत्तर या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात माहीत होतं.

"तिथे माणसं डबा खातात, सर," शीवच्या सर्कलला मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. एवढंच. कारण सांगितलं नाही, माफीही मागितली नाही. औषधांची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मी ती घट्ट धरून बसले होते.

कारखान्यात त्यांनी मॅनेजरांना नमस्कार केला आणि सरळ शाफ्टपाशी गेले. स्लीव्ह काढायला दोन बाजूंनी गॅसच्या ज्योती लावून ती झटकन तापवावी लागते, म्हणजे ती फुगते आणि आतला शाफ्ट तापण्याआधी ओढून काढता येते. दोन वेल्डर आणि तीन माणसं लागली. पहिल्यांदा ती अडकली. दुसऱ्यांदा तापवली तेव्हा कर्रकन आवाज करत निघाली. खालचा भाग निवेपर्यंत आम्ही थांबलो. सरांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

लाल रंग लावला, पुसला, पावडर फवारली. मिनिटभर पांढरंच होतं. मग एक बारीक लाल रेघ उमटायला लागली, एका बाजूने पुढे पुढे सरकत, जणू कुणी पेनने काढतंय. शाफ्टच्या घेराचा तिसरा हिस्सा तिने व्यापला. किती खोल आहे ते दुपारी अल्ट्रासोनिक मशीनने मोजलं. मी आकडा दोनदा विचारला.

मॅनेजर एका लाकडी खोक्यावर बसले. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे वेल्डिंग माझं आहे. मी केलं आणि लिहून ठेवलं नाही."

मॅनेजरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना राग येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "तुम्ही आज आला नसता तर आम्ही दुपारी झाकण लावणार होतो." सरांनी त्यावर मान हलवली, पण ते शब्द आधार म्हणून घेतले नाहीत. परतीच्या टॅक्सीत ते डोळे मिटून होते. त्यांना घरी सोडलं, काकूंच्या हातात पिशवी दिली आणि चहाला न थांबता निघाले.

कुणाला काही झालं नाही. कारखाना काही महिने बाहेरच्या विजेवर चालला आणि शेवटी नवा शाफ्ट मागवला गेला. मॅनेजरांनी तेवढ्या काळात ते लोखंडी टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि तो नियम त्या दिवसापासून गेला. या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता. मला झोप लागत नव्हती.

रिपोर्ट लिहायला मी दहा दिवस लावले. साहेबांचं म्हणणं होतं, "पूर्वी झालेल्या दुरुस्तीच्या जागी" असं लिहू, कुणी केली ते कशाला? सरांचं वय बघ. मला ते पटतही होतं आणि पटत नव्हतंही. सरांवरचा माझा राग गेला नव्हता. पण राग असताना त्यांचं नाव लिहिलं तर ते रागानेच लिहिलं असं मला आयुष्यभर वाटलं असतं. दहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाले, रिपोर्ट का अडलाय ते तुझ्या साहेबांकडून कळलं. ते लिही. कुणी केलं, कशावर केलं, आणि कुणी लिहून ठेवलं नाही ते.

मी लिहिलं. त्याच पानावर आणखी एक वाक्य लिहिलं, ते माझ्याबद्दल होतं. मूळ ड्रॉइंगमध्ये ती स्लीव्ह नव्हती. ड्रॉइंग मॅनेजरांच्या कपाटात होतं, मागितलं असतं तर पाच मिनिटांत मिळालं असतं. मी मागितलं नव्हतं. स्लीव्ह मूळचीच असेल असं धरून चालले होते, आणि त्याच भरवशावर झाकण बंद होणार होतं.

रिपोर्टची प्रत द्यायला मी गिरगावला गेले ती महिन्याभराने. सरांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी पोलादाचा ग्रेड चुकला होता, तो पेन्सिलीने सुधारला. निघताना त्यांनी विचारलं की तुझी अशी एखादी जागा आहे का. कसली, ते मी विचारलं नाही.

गाळ्यावर येऊन मी माझ्या जुन्या फायली काढल्या. तीन कामं अशी निघाली जिथे मी घाईत काहीतरी करून घेतलं होतं आणि कागदावर थोडं कमी लिहिलं होतं. एका ठिकाणी तर नीट आठवत होतं: एका कागदाच्या कारखान्यातला मोठा पंखा, संध्याकाळची वेळ, बॅलन्स करायला वजन लावायला जागा मिळेना म्हणून शाफ्टजवळच छोटी पट्टी वेल्ड करून घेतलेली. पुढच्या भेटीत नीट करू म्हटलं होतं. पुढची भेट झालीच नाही.

मी नंबर शोधून फोन लावला. तिथले लोक बदलले होते. मी कोण, कधी आले होते, काय केलं होतं ते सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसाने थांबायला सांगितलं आणि कुणाला तरी विचारायला गेला. मी फोन कानाला लावून खिडकीपाशी उभी होते. तो परत आला आणि म्हणाला, "आहे ना मॅडम, तोच पंखा आहे. चालू आहे. का, काय झालं?"

मी म्हटलं, उद्या सकाळी येते. तोपर्यंत बंद ठेवता येईल का, ते तुमच्या साहेबांना विचारा. मी लाइनवर थांबते.